टंकाईची लेणी : आपल्या दाराशी असलेला वारसा



महावीर जयंतीच्या सुमारास, ऊन फार तापायच्या आधी, एक दिवस अंकाई-टंकाईसाठी काढा. मनमाडहून येवल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात खिंडीने जोडलेले हे जोडकिल्ले दिसतात. दौंडकडे जाणाऱ्या गाडीतूनही आपण ते कितीदा पाहतो, पण उतरत नाही.

किल्ल्याचा इतिहास म्हणजे तो कोणी जिंकला, एवढंच सांगितलं जातं. १६३५ मध्ये शाहजहानच्या सरदाराने घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी. पण त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास, टंकाईच्या अंगावर, अंकाई गावाच्या वरच्या बाजूला जैन लेणी कोरली गेली. त्यातली काही दुमजली आहेत. इंद्र आणि अंबिका यांच्या मोठ्या मूर्ती आहेत, छतात कमळ कोरलेलं आहे. हरणाच्या लांछनावरून शांतिनाथ ओळखावेत, नागफणांवरून पार्श्वनाथ. मूर्ती दिगंबर परंपरेच्या आहेत. पण आपण स्थानकवासी असू वा मंदिरमार्गी, चोवीस तीर्थंकर सगळ्यांचेच.

अशा धर्मकार्याला पैसा कुठून येई? आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनेरीला शके १०६३ चा, यादवांच्या काळातला शिलालेख आहे. चंद्रप्रभूंच्या मंदिराला दुकानांचं उत्पन्न दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे रोजच्या गल्ल्यातला वाटा धर्माला लावायची रीत इथे जवळपास नऊशे वर्षांची. घराघरांत आजही तो वाटा वेगळा काढतात, त्याचा हा जुना जमाखर्चच म्हणा ना!

लेण्यांतल्या बऱ्याच मूर्ती झिजल्या-भंगल्या आहेत. म्हणून एक विनंती. तिथे केशर, कुंकू, तेल लावू नका, प्रक्षाळही करू नका. जुना दगड ते सोसत नाही. हात जोडून नवकार म्हणा, तेवढी भक्ती पुरे. इतरांनाही गोड शब्दांत सांगा.

नातवंडांना सोबत न्या आणि लांछनं त्यांनाच शोधू द्या. उकळलेलं पाणी आणि खाखऱ्यांचा डबा घ्या, कचरा परत आणा. सकाळी लवकर निघालात तर चौविहाराच्या आत आरामात घरी पोहोचाल.