मँडोलिनवरील फिडलधुना

मँडोलिनवरील फिडलधुना : व्हायोलिनसाठी रूढ झालेल्या लोकधुना नखीने छेडावयाच्या मँडोलिन या तंतुवाद्यावर वाजविण्याची परंपरा. मँडोलिनचे परिचित रूप इटलीतील नेपल्स येथे अठराव्या शतकात सिद्ध झाले. त्याच्या तारांच्या चार जोड्या एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने जुळविलेल्या असतात. व्हायोलिनच्या चार तारांची जुळणीही नेमकी हीच होय. त्यामुळे व्हायोलिनवरील धून मँडोलिनवर घेताना डाव्या हाताच्या बोटांची जागा बहुधा तीच राहते. अडचण येते ती उजव्या हाताची. गजाने स्वर हवा तितका लांबविता येतो. छेडलेला स्वर मात्र लगेच विरतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः ॲपालॅचिअन डोंगराळ प्रदेशात, स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर नृत्यधुना आल्या. लोकसंगीतातील व्हायोलिनला तेथे फिडल म्हणतात. या धुनांचे सामान्यतः दोन भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजवितात. त्यांची गती द्रुत असल्याने विरणाऱ्या स्वराची उणीव फारशी भासत नाही. नखीचे खाली-वर आघात गजाच्या फेऱ्यांची जागा घेतात; दीर्घ स्वरासाठी तेच आघात अतिशीघ्र करतात. केंटकीतील बिल मन्रो (१९११–९६) याच्या थोरल्या भावांनी फिडल व गिटार घेतल्याने त्याच्या वाट्यास मँडोलिन आले. मामा पेन व्हँडिव्हर हे फिडलवादक होते. नृत्यप्रसंगी त्यांना गिटारची साथ करताना ऐकलेल्या धुना त्याने पुढे मँडोलिनवर उतरविल्या आणि या दुय्यम वाद्यास अग्रस्थान मिळवून दिले.

मुंबईत या दोन वाद्यांचा सहवास चित्रपटसंगीतात घडला. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची प्रथा होती. तेथील अनेक वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकीच. त्यांचे शिष्य प्यारेलाल (१९४०– ) व्हायोलिनवादक, तर प्यारेलाल यांचे सहकारी लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर (१९३७–९८) मँडोलिनवादक होते. वडिलांच्या अकाली निधनानंतर लक्ष्मीकांत यांना हेच वाद्य बालवयात उपजीविकेचे साधन झाले. पारसमणि (१९६३) या चित्रपटापासून ही जोडी संगीतदिग्दर्शक म्हणून पुढे आली.

भारतीय रागसंगीतात मात्र अडचण अधिक खोल होती. त्यातील मींड व गमक यांना स्वरांमधील अखंड प्रवास लागतो. व्हायोलिनला पडदे नसल्याने तो तेथे सहज साधतो. मँडोलिनचे पडदे त्याच्या आड येतात. तरीही संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन (१९१७–९५) यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजविले. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोडतारांऐवजी एकेरी पाच तारांचे विद्युत् मँडोलिन स्वीकारून कर्नाटक संगीतातील गमके साध्य केली. अमेरिकेत नृत्याच्या गतीने जी उणीव झाकली, ती भारतात वादनतंत्र व वाद्याची घडण बदलून भरून काढावी लागली.