एक वही, दोन बाजू
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लहानपणी कोणती गाणी गाजत होती, असं कुणी विचारलं की आमच्या वयाची माणसं खुलतात. चित्रपटांची, गायकांची नावं भराभर बाहेर येतात. पण ती गाणी आपल्या घरात आली कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही तो फार उशिरा पडला. त्याचं उत्तर शोधताना लहानपणच्या एका चहाडीपाशी मी येऊन थांबलो.

माझा जन्म १९४९ चा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही राहत होतो. अकरा बिऱ्हाडं आणि रेडिओ दोन, त्यातला एक आमच्याकडे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो हप्त्यानं घेतला होता. दरवर्षी पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. ते छोटं पुस्तक देव्हाऱ्याखालच्या खणात असे. रेडिओवर आईनं विणलेलं कव्हर, गॅलरीत बांधलेली जाळीची एरिअल. बटण फिरवलं की आधी हिरवा डोळा लागे, वॉल्व्ह तापायला थोडा वेळ जाई आणि मग आवाज येई. काचेवर गावांची नावं छापलेली होती. त्यातलं ‘सिलोन’ म्हणजे रेडिओच्या आतली एखादी खोली असावी, असं मला वाटे.

अण्णांचं बालपण औरंगाबादला, निजामाच्या राज्यात गेलेलं. शाळा उर्दूतून. पुढे नोकरीसाठी ते पुण्यात आले आणि शास्त्रीय संगीताच्या नादी लागले. सिनेमाची गाणी म्हणजे त्यांच्या लेखी ‘टुकार प्रकार’. या बाबतीत ते एकटे नव्हते. त्यांच्याच मताचा एक माणूस तेव्हा दिल्लीत मंत्री होता.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्यांचं नाव. जन्म पुण्यातला, १९०३ चा. शिक्षण काशीला आणि पॅरिसला, संगीताची जाण पक्की. १९५२ मध्ये ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या पदावर राहिले. चित्रपटसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते आहे, त्यात पाश्चात्त्य चालींची उसनवारी फार, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वाटा कमी झाला. गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असाही नियम आला. निर्मात्यांनी रागावून गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली.

म्हणजे ज्या काळाला आपण चित्रपटगीतांचं सोनेरी युग म्हणतो, त्या काळातली काही वर्षं सरकारी रेडिओ त्या गाण्यांशी अबोला धरून बसला होता.

मग ती ऐकली कुणी आणि कुठे? इथे काचेवरचं ‘सिलोन’ कामी आलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोत उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपण यंत्रणा युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आली होती. शॉर्टवेव्हवरून तिचा आवाज भारतभर पोचे. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अमीन सायानी. गंमत अशी, की हे कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होत आणि त्यांच्या फिती कोलंबोला जात. गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, ऐकणारे पुण्या-नागपूरचे आणि आवाज मात्र समुद्र ओलांडून येणारा!

पण केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्थानं विलीन झाली तेव्हा दरबारी गवयांचा आधार तुटला होता. अशा अनेकांना आकाशवाणीनं काम दिलं. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री अण्णा त्या रेडिओसमोर जवळजवळ सोवळ्यात बसत. १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन आलं. चित्रपटगीतांची जागा भरून काढायला केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभागही उभे राहिले.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि तिथेच माझ्या बालपणातलं सर्वांत मोठं ‘हिट’ जन्माला आलं. ते चित्रपटातलं नव्हतं. ते होतं ‘गीतरामायण’. कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. तिथपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गाणी. आधी बावन्नच ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून चार वाढली. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गाणं लागे, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. त्या पंधरा मिनिटांत आमच्या दोन खोल्यांत पाऊल ठेवायला जागा नसे. वाड्यातल्या बायका हातातलं काम टाकून येत. कुणी रेडिओला हार घाली, कुणी उदबत्ती लावी.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अण्णांनी तिला दोनशे पानी वही आणून दिली आणि गाणी उतरवून घ्यायला सांगितलं. शुक्रवारी ती भरभर लिही. जे शब्द निसटत तिथे मोकळी जागा ठेवी, त्यातले काही शनिवारी भरी आणि उरलेले रविवारी. रविवारी दुपारी अण्णा वही मागत आणि लाल पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारत.

त्याच वहीला दुसरी बाजू होती. वही उलटी धरून मागच्या पानापासून ताईनं वेगळीच गाणी लिहायला घेतली होती. बुधवारी रात्री अण्णा भजनाला जात. आठ वाजले की ताई सुई सिलोनवर नेई. आवाज लाटेसारखा येई-जाई, मध्येच शिट्टी वाजे. मी गॅलरीत पहाऱ्याला. अण्णांची टोपी बोळाच्या तोंडाशी दिसली की मी खोकायचं आणि ताईनं सुई पुन्हा पुण्यावर आणून ठेवायची. आई स्वयंपाकघरात असे. तिला काहीच ऐकू येत नसे, निदान ती तसं दाखवी.

१९५६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. ‘सीआयडी’मधलं मुंबईचं गाणं जिकडेतिकडे वाजत होतं. त्या बुधवारी ते ऐकण्याच्या नादात ताई सुई मागे आणायला विसरली. गुरुवारी सकाळी अण्णांनी बातम्यांसाठी बटण फिरवलं. वॉल्व्ह तापले आणि बातम्यांऐवजी सिनेमाचं गाणं घरभर पसरलं.

‘‘रेडिओला हात कुणी लावला?’’ अण्णांनी विचारलं.

मी सात वर्षांचा होतो. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. तरीही मी म्हणालो, ‘‘ताईनं. आणि तिच्या वहीत पण आहेत.’’

अण्णांनी वही मागून घेतली. पुढच्या बुधवारपासून भजनाला जाताना ते रेडिओची पिन काढून पिशवीत टाकून नेऊ लागले. आठ दिवसांनी त्यांनी वही ताईच्या हातात दिली, एक शब्दही न बोलता. ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मुंबईचं ते गाणं आजही कुठे लागलं, की माझी मान आपोआप खाली जाते.

मोठेपणी या काळाविषयी वाचताना एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी गीतरामायण केलं ते माडगूळकर आणि फडके हे दोघंही सिनेमातले, तिथे कथा, पटकथा, गीतं आणि संगीत करणारे. माझ्या पिढीनं बोबड्या बोलात म्हटलेलं ते मोराचं गाणं ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटातलं. शब्द माडगूळकरांचेच, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज आशा भोसले यांचा. आणि तेच पु. ल. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीत रुजू झाले. भिंत बांधली होती ती सिनेमा आणि चांगलं गाणं यांच्यामध्ये. पण गाणी करणारी माणसं भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीच होती.

उसनवारीचा आक्षेप अगदीच खोटा होता, असंही नाही. ‘सीआयडी’च्या त्याच गाण्यावर ‘क्लेमेन्टाइन’ या जुन्या अमेरिकन गाण्याच्या चालीची छाया आहे. पण ओ. पी. नय्यर यांनी तिच्यातून जे केलं, ते ऐकताना परकं कुणाला वाटलं? दार लावून केसकरांना सिनेमाचं गाणं थांबवता आलं नाही. नवं काही करायला माणसं आणि वेळ दिला, तिथे मात्र गीतरामायण झालं. हा हिशेब मला अण्णांच्या हयातीत त्यांच्याशी मांडता आला नाही.

शेवटी सरकारलाही वळावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. तो दसरा होता. आपल्याच रेडिओवर आता सिनेमाची गाणी उघडपणे लागू लागली. अण्णांनी त्यावर काही मत दिलं नाही. पिन मात्र पुन्हा पिशवीत गेली नाही.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सायानी गेले. बातमी कळली तेव्हा मी ताईला फोन केला. तिनं चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण केली होती. म्हटलं, ‘‘ताई, तेव्हा मी तुझी चहाडी केली.’’ ती म्हणाली, ‘‘कोणती? एक का केल्यास?’’ आणि हसली. मग म्हणाली, ‘‘ये, तुला वही दाखवते.’’

वही तिनं जपून ठेवली आहे. पुठ्ठा गेलाय, कडा पिवळ्या पडल्यात. गीतरामायणाच्या पानांवर अण्णांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. ताईनं वही उलटी करून माझ्यापुढे धरली. सिनेमाच्या गाण्यांतले उर्दू शब्द तिनं कानाला जसे पडले तसे लिहिले होते, बरेचसे चुकीचे. सात-आठ ठिकाणी तिच्या शब्दावर बारीक रेघ होती आणि शेजारी बरोबर शब्द, त्याचा अर्थ कंसात. अक्षर अण्णांचं. पेन्सिल लाल.

‘‘त्या आठ दिवसांत केलं त्यांनी,’’ ताई म्हणाली. ‘‘मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना आवडलं नसतं.’’