रकान्यातलं शून्य

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरायचे रकाने असतात. वस्तूचं स्थान, तिचं आकारमान, तिची दृश्यता, एका सेकंदात किती चित्रं, वगैरे. यातल्या एखाद्या रकान्यात कुणी शून्य भरलं, तर यंत्राने काय करावं? हा प्रश्न प्रोग्रामरचा वाटतो. पण याच जातीचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि त्याचा इतिहास आजही उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट, रिकामं आणि शून्य हे एक नव्हे. बाबिलोनच्या लेखनिकांकडे रिकाम्या स्थानाची खूण होती, पण ती संख्या नव्हती. शून्य ही संख्याच आहे असं धरून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिले. तत्त्वज्ञानात याला समांतर असा अभावाचा विचार आहे. नैयायिक म्हणतात, अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ‘घट नाही’ म्हणायला घट ठाऊक असावा लागतो. आता बघा, रकाना रिकामा ठेवला म्हणजे माणूस काही बोललाच नाही. शून्य भरलं म्हणजे तो अगदी स्पष्ट बोलला.

हा भेद यंत्रात सहज पुसला जातो. १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत रिकाम्या मजकुराची संख्या केली की शून्य मिळतं, आणि अट तपासताना शून्य व रिकामं दोन्ही ‘असत्य’च ठरतात. त्यामुळे ‘मूल्य नसेल तर १०० धर’ असं कुणी घाईत लिहिलं, की मुद्दाम भरलेलं शून्यही १०० होऊन बसतं. चित्रकाराला पात्र अदृश्य करायचं असतं. ते ठळक उभं राहतं.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. आकारमान शून्य केलं की वस्तूचा प्रत्येक बिंदू एकाच जागी गोळा होतो. मग दुप्पट करा, दसपट करा, शून्याचं शून्यच. मग शून्याला बंदीच घालावी का? नाही. ब्लेंडरमध्ये उंचसखल बिंदू एका पातळीत आणायला कारागीर एका अक्षावर शून्याने गुणतात. ते रोजचं काम आहे.

इथे भास्कराचार्यांकडे वळू. लीलावती ११५० सालची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन झालेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. लीलावतीत ते सांगतात, शून्याने गुणलं की शून्य हे खरं. पण पुढची क्रिया बाकी असेल तर राशी लगेच पुसू नये, ‘शून्याने गुणलेली’ एवढंच ध्यानात धरावं. पुढे शून्यानेच भागायचं आलं तर मूळ राशी अविकृत समजावी. आजचं गणित हा नियम असा सरसकट मानत नाही, आणि भास्कराचार्यांनी संगणकशास्त्र सांगितलं असाही अर्थ कुणी काढू नये. पण त्यामागची सावधगिरी मोलाची आहे. सॉफ्टवेअरने मूळ आकृती जपावी आणि गुणक बाजूला लिहून ठेवावा; मग शून्याच्या जागी १०० टक्के भरले की आकृती परत येते. तसंच, ०.५ लिहिताना माणूस आधी ० टाइप करतो. त्याची क्रिया बाकी आहे! एंटर दाबेपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट भागाकाराची. सेकंदाला २४ चित्रं असतील तर एक चित्र १/२४ सेकंद टिकतं. शून्य चित्रं असतील तर? ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य म्हटलं. भास्कराचार्यांनी शून्य छेदाच्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत मानली. १९८५ च्या संगणकीय मानकात शून्येतर संख्येला शून्याने भागलं तर अनंत, आणि शून्याला शून्याने भागलं तर ‘संख्या नव्हे’ असं उत्तर ठरवलं आहे.

यात नुसतं चित्रच बिघडतं असं नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर एका कर्मचाऱ्याने एका रकान्यात शून्य भरलं. त्या शून्याने भागाकार झाला, संगणकांचं जाळं कोलमडलं आणि जहाज सुमारे पावणेतीन तास समुद्रात निश्चल राहिलं. दोष कुणाचा? भरणाऱ्याचा म्हणणं सोपं आहे. पण रकान्याने ते मुकाट्याने स्वीकारलं होतं.

तेव्हा एकच नियम सगळ्या रकान्यांना लावून चालणार नाही. स्थानाचं शून्य म्हणजे आरंभबिंदू, ते निर्धास्त घ्यावं. गुणकाचं शून्य घ्यावं, पण मूळ राखून. भाजकाचं शून्य रकान्यापाशीच थांबवावं आणि कारण सांगावं. गुपचूप एक करून टाकू नये. आणि रिकाम्याला कधीही शून्य समजू नये.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.