पाच-अष्टमांशाची कुळकथा

ब्रिटनमधल्या तिरंदाजी स्पर्धांत एखादे धनुष्य पारंपरिक लाँगबो आहे का, हे ठरवताना त्याच्या भुजा मोजतात. कुठल्याही ठिकाणी भुजेची जाडी तिथल्या रुंदीच्या किमान ५/८ असावी लागते. बाण लाकडी आणि खऱ्या पिसांचे लागतात. बाण २७ इंच किंवा त्याहून लांब असेल तर साडेपाच फुटांहून आखूड धनुष्य चालत नाही. हा अपूर्णांक मध्ययुगीन वाटतो, पण रॉजर ॲस्कमने १५४५ साली तिरंदाजीवर लिहिलेल्या ‘टॉक्सोफिलस’मध्ये तो नाही. १८५७ मध्ये होरेस फोर्डने १२५१ गुणांचा विक्रम केला तेव्हाही अशा मोजमापाची गरज नव्हती, कारण मैदानावरची बहुतेक धनुष्ये एकाच घराण्यातली होती. माझ्या मते या नियमाचे मूळ पूर्वजांपेक्षा प्रतिस्पर्ध्यात शोधावे. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि इतर अमेरिकी अभियंत्यांनी धनुष्याचे गणित मांडले आणि पातळ, रुंद भुजेचे धनुष्य सरस ठरले. मागोमाग पोकळ पोलादी नळ्यांची धनुष्ये आली. जुने धनुष्य मैदानातून हद्दपार होऊ नये म्हणून १९५१ मध्ये ब्रिटिश लाँग-बो सोसायटी स्थापन झाली. चपट्या धनुष्याला बाहेर ठेवायचे, तर ‘चपटे’ म्हणजे किती हे आकड्यात सांगणे भाग होते.

मग हा आकडा मनमानी नाही का? ५/८ ऐवजी १/२ का नको, याला निसर्गात उत्तर नाही, हे मान्य. पण जाडीचा आग्रह धरण्यामागे भक्कम कारण आहे. भुजेची रुंदी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. शिवाय तितकेच वाकवले तरी जाड भुजेच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. म्हणून जाड भुजा न मोडता वाकवायची तर धनुष्य लांब हवे आणि लाकूड उत्तम हवे. यूच्या लाकडात ही सोय मुळातच असते: बाहेरचे कोवळे लाकूड ओढ सोसते, आतला गाभा दाब सोसतो. इंग्लिश धनुष्याची सगळी घडण या गुणावर उभी आहे आणि अपूर्णांक तिचेच रक्षण करतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यावरची १३७ अखंड धनुष्ये हाती आली, बहुतेक सहा फुटांहून लांब. ती पूर्ण ओढायला अंदाजे १०० ते १८५ पाउंड जोर लागत असे; निशाणबाजीच्या धनुष्याला ५० च्या आसपास पुरतो. दोन्ही कॅलिपरच्या कसोटीला उतरू शकतात, म्हणजे मनोरंजनाचे धनुष्य आणि युद्धाचे धनुष्य यांतला फरक ५/८ ला दिसतच नाही. युद्धधनुष्य चालवणाऱ्यांनी बाणाच्या वजनावरून गट पाडले, ते मला अगदी योग्य वाटते. पाव पाउंडाचा, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमचा बाण हलक्या धनुष्यातून दूर जातच नाही, त्यामुळे जोर वेगळा सिद्ध करावा लागत नाही. एक उणीव मात्र उरते. बांबूची पाठ चिकटवलेले थरांचे धनुष्य आणि एकाच ओंडक्यातून तासलेले यूचे धनुष्य एकाच मापाला उतरतात, पण त्यांमागची कारागिरी निराळी असते. एकसंध लाकडाच्या धनुष्याला प्रत्येक स्पर्धेत स्वतंत्र गट मिळायलाच हवा.