टेनिस एल्बो : रॅकेट न धरणाऱ्यांचा आजार

“डॉक्टर, मी आयुष्यात टेनिस खेळले नाही, मग मला टेनिस एल्बो कसा?” हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्या बहुधा कणीक मळणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या गृहिणी असतात, नाहीतर दिवसभर पाना किंवा माउस धरणारे. प्रश्न रास्त आहे. नावातच घोळ आहे.

हे दुखणे वैद्यकात प्रथम नोंदवले गेले ते खेळाडूंमध्ये नव्हे, लिहिणाऱ्यांमध्ये. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी लेखनिकांच्या हाताच्या दुखण्यावर लेख लिहिला, त्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या वेदनेचे वर्णन आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले, १८७७ मध्ये विम्बल्डन सुरू झाले आणि हा खेळ फॅशनच झाला. १८८२ साली मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘लॉन टेनिस आर्म’चा उल्लेख केला. १८८३ मध्ये मेजर यांनी ‘लॉन टेनिस एल्बो’ म्हटले. बिचारे कारकून मागे पडले आणि नाव खेळाला चिकटले. आपल्याकडे ते घरोघर पोहोचले २००४ साली, सचिन तेंडुलकरचे डावे कोपर दुखू लागले तेव्हा. २००५ मध्ये त्याच्यावर लंडनला शस्त्रक्रिया झाली.

नावापेक्षा मोठा घोळ कारणाचा झाला. मनगट वर उचलणारे स्नायू ज्या दोरीसारख्या टेंडनने कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, तिथे सूज किंवा दाह आहे, असे वर्षानुवर्षे मानले गेले. १९२८ साली मिल्स यांनी कोपराला विशिष्ट झटका देण्याची पद्धत सांगितली. मग १९४८ मध्ये कॉर्टिझोन प्रथम संधिवाताच्या रुग्णाला दिले गेले. अंथरुणाला खिळलेले लोक चालू लागले आणि १९५० साली त्याला नोबेल मिळाले. दाह घालवणारे औषध हाती आल्यावर ते दुखऱ्या कोपरातही जाणारच! सुई टोचली की दोन-चार दिवसांत वेदना गायब. मीही सुरुवातीच्या वर्षांत ही इंजेक्शने सढळ हाताने दिली. रुग्ण खूश, डॉक्टर खूश. काही महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा दारात यायचा, तेव्हा मात्र मी विचारात पडायचो.

१९७९ साली निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी शस्त्रक्रियेत काढलेल्या टेंडनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होते ते झिजलेले, नीट न भरून आलेले तंतू. दोरी सुजलेली नव्हती, विरली होती.

मग इंजेक्शनचे काय? २००२ साली नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाले ४७ आणि नुसती वाट पाहणारे ३२ टक्के. वर्षाअखेरीस चित्र उलटले : इंजेक्शन ६९, फिजिओथेरपी ९१, वाट पाहणारे ८३. २००६ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात तर इंजेक्शन घेतलेल्या १०० पैकी ७२ जणांचे दुखणे उलटले.

म्हणून आज “एक इंजेक्शन देऊन टाका” म्हणालात, तर मी आधी तुम्हाला खुर्चीत बसवून हा हिशेब सांगतो. घरात लग्न आहे, चार दिवस हात चाललाच पाहिजे, असे असेल तर गोष्ट वेगळी. पण पुढच्या वर्षाची किंमत माहीत असू द्या.

व्यायाम साधा आहे. हात टेबलावर, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर ठेवा. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडा. थोडे दुखले तर चालेल, रात्री ठणकता कामा नये. पिशवी, कढई उचलताना तळवा वर ठेवा. कपडे पिळण्याऐवजी निथळू द्या. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. बोटांना मुंग्या येत असतील, मानेतून कळ येत असेल किंवा कोपर लाल होऊन ताप असेल, तर हा टेनिस एल्बो समजून घरी थांबू नका, दाखवायला या.