चाकाची वहिवाट

शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि ते मामलेदाराकडे गेलं, की एक शब्द हमखास कानावर येतो : वहिवाट. आमचं येणं-जाणं पूर्वापार इथूनच आहे, म्हणून रस्ता आमचा. अमेरिकेच्या पश्चिमेला युटा नावाचं राज्य आहे. तिथंही वहिवाटीचा असाच एक मोठा वाद उभा आहे. मात्र तिथली बरीचशी वाट जीपच्या चाकांनी पाडली आहे.

युटाची जवळजवळ दोन-तृतीयांश जमीन केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची. लाल खडक, खोल दऱ्या, विरळ झुडपं. तिथं चाक पोहोचवलं ते युद्धानं. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. १९४५मध्ये विलीस कंपनीनं नागरिकांसाठी जीप बाजारात आणली. याच जीपची जुळणी १९४७मध्ये महिंद्रांनी आपल्या मुंबईत सुरू केली.

पुढं अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं झालं. १९५२मध्ये चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला मोआब गावाजवळ युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि नशीब आजमावणाऱ्यांची तिकडे रीघ लागली. कड्यांच्या अंगाखांद्यावरून रस्ते खोदले गेले. सुमारे १६० किलोमीटरचा 'व्हाइट रिम' रस्ता त्याच काळातला. युरेनियमचा भर ओसरला, पण रस्ते राहिले. मग १९६७मध्ये मोआबच्या व्यापारी मंडळानं ईस्टरच्या सुमारास 'जीप सफारी' सुरू केली. ती आजही भरते. खालच्या गियरमध्ये उभा खडक चढण्यात थरार आहे, यात शंका नाही. शिवाय ज्यांचे गुडघे थकलेत, त्यांनाही दरीचं टोक पाहता येतं, हेही खरं.

पण या वाळवंटाची माती जिवंत आहे. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीव मिळून तिच्यावर काळपट, खडबडीत पापुद्रा धरतात. तोच वाळूला बांधून ठेवतो, नत्र पुरवतो. एक टायर त्यावरून गेला, की तो चुरडतो आणि पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९४२मध्ये जनरल पॅटननं रणगाड्यांचा सराव सुरू केला होता. त्या रणगाड्यांच्या खुणा तिथं काही ठिकाणी अजून दिसतात.

१९७२पर्यंत देशात रस्ता सोडून धावणारी मौजेची वाहनं अंदाजे ५० लाख झाली होती. त्या वर्षी अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला : सरकारी जमिनीवर अशी वाहनं कुठं चालतील आणि कुठं नाहीत, हे ठरवा, माती, पाणी, झाडं, प्राणी यांची हानी कमीत कमी होईल असं पाहा. १९७७मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी भर घातली : जिथं मोठी हानी होते आहे, ती जागा ताबडतोब बंद करा.

आता कायद्याची गंमत पाहा. १८६६च्या एका कायद्यानं सरकारी जमिनीवरून रस्ता काढण्याचा हक्क दिला होता. मोटारीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. १९७६मध्ये हे कलम रद्द झालं, पण आधी मिळालेले हक्क शाबूत राहिले. त्याच्या आधारे युटा राज्यानं २०१२मध्ये १२ हजारांहून अधिक रस्त्यांवर कोर्टात दावा सांगितला. त्यासाठी १९७६च्या आधी दहा वर्षं सलग वापर होता, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून म्हातारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षी नोंदवून घेण्याचं काम चाललं. २०२३मध्ये केंद्राच्या जमीन खात्यानं मोआबजवळचे सुमारे ५१० किलोमीटरचे मार्ग वाहनांना बंद केले. त्यावरही दावे झाले.

दोन्ही बाजू म्हणतात, जमीन सर्वांची आहे. एकाला तिथं जायचा हक्क हवा; दुसऱ्याला ती पुढच्यासाठी राखायची आहे. पायवाट पडायला पिढ्या लागतात आणि पाय थांबले की गवत तिला हळूहळू पुसून टाकतं. चाकाची वाट एका दुपारीही पडते. म्हणून तिची चर्चा चाक फिरण्याआधी व्हायला हवी. एरवी कोर्टापुढं येईपर्यंत निकाल मातीवर उमटून गेलेला असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)