चिकटणं आणि न चिकटणं

नवा काचेचा ग्लास आणला की त्याच्या बुडाचं किमतीचं लेबल काही केल्या निघत नाही. नखाने खरवडा, गरम पाण्यात बुडवा, खोबरेल तेल चोळा... अर्धं निघतं आणि अर्धं चिकट होऊन बसतं. आणि तोच ग्लास फुटला म्हणून आपण गोंद घेऊन जोडायला बसलो की म्हणतो, "छे, मला काही चिकटत नाही बुवा." नको ते चिकटतं, हवं ते चिकटत नाही. मागच्या शनिवारी असंच एक लेबल खरवडताना डोक्यात आलं, की काचेला नक्की काय चिकटतं आणि का? वाचायला बसलो तो रविवारची दुपार झाली. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती लेबलाची नाही, डीएनएची आहे. पण प्रॉब्लेम अगदी तोच.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए सारखाच असतो. फरक एवढाच की कुठली जनुकं 'चालू' आहेत आणि कुठली 'बंद'. कोड एकच, पण रन होणारी फंक्शन्स वेगळी. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती पेशीत तयार होतात. म्हणजे त्या प्रती मोजल्या की पेशीत काय चाललंय ते कळणार. १९९० पर्यंत हे मोजायचे मार्ग होते, पण साधारण एका वेळी एक जनुक. हजारो जनुकांसाठी हा हिशोब किती वर्षांचा होईल ते तुम्हीच बघा.

मोजायची मूळ युक्ती सोपी आहे. डीएनएच्या दोन धाग्यांची जोडी ठरलेली असते, ए समोर टी आणि जी समोर सी. एक धागा कुठेतरी घट्ट बसवून ठेवा, वरून नमुना ओता. त्यात जोडीदार असेल तर तो येऊन बिलगणार, बाकीचे धुऊन जाणार. एडविन सदर्न यांनी १९७५ साली ही युक्ती पातळ पडद्यावर वापरून दाखवली आणि 'सदर्न ब्लॉट' हे नाव जगभरच्या लॅब्जमध्ये रूढ झालं. पण पडदा सच्छिद्र. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला की पसरतो ना, तसं. हजारो ठिपके दाटीवाटीने मांडायचे तर ते एकमेकांत मिसळणार.

काच मात्र सपाट, टणक, पारदर्शक, काही न शोषणारी. ठिपका टाकला तर जागचा हलत नाही. अडचण एकच, धुतला की तोही जातो!

आता काचेवर जैविक रेणू बसवण्याचा खटाटोप तेव्हा नवा नव्हता. कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीत हॉवर्ड वीटल यांनी १९६९ मध्येच सच्छिद्र काचेवर एन्झाइम्स पक्की बसवून दाखवली होती. मधला दुवा होता सिलेन. सिलेन म्हणजे दोन तोंडांचा रेणू, एका तोंडाने काच धरतो आणि दुसऱ्या तोंडाने जे द्याल ते. फायबरग्लासमध्ये काचेचे धागे आणि प्लास्टिक यांची सोयरीक जुळवायला हाच वापरायचे. म्हणजे गोंद होता. पण हजारो वेगवेगळे रेणू आपापल्या ठरलेल्या पत्त्यावर बसवायचे कसे, हे कोडं होतं.

ते दोन प्रकारे सुटलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणं कॅलिफोर्नियात एकमेकांच्या शेजारी.

पहिला रस्ता पालो अल्टोच्या ॲफिमॅक्स कंपनीतला. स्टीफन फोडोर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली 'सायन्स'मध्ये एक पेपर छापला. काचेवर रेणू 'चिकटवायचा' नाही, तिथेच एकेक कडी जोडून 'बांधायचा'. प्रत्येक साखळीच्या टोकाला प्रकाशाने निघणारं झाकण. मास्क ठेवून उजेड पाडला की फक्त तिथली झाकणं निघतात आणि पुढची कडी तिथेच जोडली जाते. मायक्रोचिप बनवायची जी फोटोलिथोग्राफी, तीच. त्यांनी दहा टप्प्यांत १०२४ वेगवेगळे पेप्टाइड्स बनवले. दोनाचा दहावा घात! आपल्यासारख्यांच्या चेहऱ्यावर हसू यायलाच हवं. यातूनच पुढे ॲफिमेट्रिक्स ही कंपनी उभी राहिली. तंत्र देखणं, पण मास्क आणि मशिनरी महागडी, आणि चिप विकतच घ्यावी लागणार.

दुसरा रस्ता स्टॅनफर्डचा. पॅट ब्राउन यांच्या लॅबमधला, आणि एकदम घरगुती.

घरगुती म्हणजे किती? मायक्रोस्कोपखाली ठेवतात ती साधी स्लाइड घ्यायची, २५ बाय ७५ मिलिमीटरची. अल्कोहोल घातलेल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दोन तास बुडवून स्वच्छ करायची. अशा काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. डीएनएच्या पाठीच्या कण्यावरही ऋण भारच, म्हणून दोघांचं पटत नाही. मग मध्ये मध्यस्थ आणायचा, पॉलिलायसिन. याच्या अंगावर धन भार. खालून काच त्याला धरते, वरून डीएनए. झालं सँडविच तयार. हे द्रावण काचेच्या भांड्यात करायचं नाही, प्लास्टिकच्याच भांड्यात करायचं. का? अहो, नाहीतर ते त्या भांड्यालाच चिकटेल! शिवाय लेप दिलेल्या स्लाइड्स लगेच वापरायच्या नाहीत, दोनेक आठवडे मुरू द्यायच्या. लोणच्यासारख्या. मग रोबोटने बारीक सुयांनी ठिपके मांडायचे.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क शेना, डारी शलॉन, रॉन डेव्हिस आणि पॅट ब्राउन यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाची ४५ जनुकं एकाच काचेवर, एकाच वेळी मोजली. दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, जो डिरिसी, विश्वनाथ अय्यर आणि ब्राउन यांनी यीस्टची जवळपास सगळी, म्हणजे सहा हजारांवर जनुकं एका काचेवर आणली. आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! गोष्ट संपली.

नाही ना. खरी गोम इथेच आहे.

चिकटवणं जमलं, पण ठिपक्यांच्या मधली मोकळी जागा? तिथेही पॉलिलायसिन आहेच, हात पसरून बसलेलं. आपण वरून जो नमुना ओतणार तोही डीएनएच. तो जोडीदार शोधण्याआधी या मोकळ्या जागेलाच चिकटणार, सगळी स्लाइड चमकणार आणि हाती शून्य. म्हणून ठिपके पडल्यावर एक पायरी असते, 'ब्लॉकिंग'. सक्सिनिक ॲनहायड्राइडने उरलेले धन भार झाकून तिथे ऋण भार आणायचा. हे रसायन पाण्यात लगेच बिघडतं, त्यामुळे विरघळल्याबरोबर, घाईघाईने, स्लाइड बुडवायची. थोडा उशीर झाला किंवा स्लाइड नीट हलवली नाही, की सुटा डीएनए पसरून ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते.

थोडक्यात, चिकटवणं अर्धं काम. 'इथे चिकट, तिथे चिकटू नकोस' हे काचेला समजावणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड. पेपरच्या शीर्षकात 'जीन एक्स्प्रेशन' असतं, ब्लॉकिंग कुठेतरी बारीक टाइपात. पण ब्लॉकिंग फसलं तर वरची सगळी आकडेमोड म्हणजे नुसता कचरा.

असाच एक किस्सा. दोन नमुन्यांना दोन रंग लावायचे, हिरवा साय-थ्री आणि लाल साय-फाइव्ह. काही लॅब्जना दिसायला लागलं की कधीकधी लाल फिका पडतो. मग वाटणार, जनुकं बंद झाली! २००३ मध्ये एका टीमने मूळ शोधून काढलं. ते होतं हवेतला ओझोन. अगदी थोडा ओझोनही लाल रंग खातो, हिरव्याला मात्र फारसं काही होत नाही. उन्हाळ्यात शहरांच्या हवेत ओझोन वाढतो, म्हणून डेटाही उन्हाळ्यात बिघडतो. बग कोडमध्ये नव्हता, स्टॅटिस्टिक्समध्ये नव्हता, खिडकीतून येत होता! प्रॉडक्शनवरचा इश्यू शोधताना रात्री जागवलेल्या प्रत्येकाने इथे एक उसासा टाकावा.

असो. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडलेलं पान पुढे आहे. १९९८ मध्ये ब्राउन यांच्या लॅबने हे सगळं चक्क वेबवर टाकलं. रोबोट कसा जोडायचा, पार्ट्स कुठले आणायचे, सॉफ्टवेअर, स्लाइड धुण्यापासून ब्लॉकिंगपर्यंतची सगळी पाककृती. नाव 'एमगाइड', फुकट. तिकडे पेटंटवरून ॲफिमेट्रिक्स आणि सदर्न यांची कंपनी यांच्यात कोर्टकज्जे चालू होते (ते २००१ मध्ये मिटले), आणि इकडे ही मंडळी "घ्या, घरी करून बघा" म्हणत होती. पाककृतीत "प्लास्टिकचं भांडं घ्या" लिहिणारा माणूस मला फार मोठा वाटतो. कारण ही असली वाक्यं पेपरमध्ये नसतात. ती नसली की दुसऱ्याचे तीन महिने वाया जातात.

याचा उपयोग काय झाला? मार्च २००३. हाँगकाँग, हनोई, सिंगापूर, टोरांटो इथे एक अनोळखी न्यूमोनिया पसरत होता. रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर-नर्सच आजारी पडत होते. जो डिरिसी तोपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात स्वतःची लॅब चालवत होते. डेव्हिड वँग आणि त्यांनी मिळून एका काचेवर सुमारे हजार विषाणूंच्या खुणा ठिपक्यांच्या रूपात मांडल्या होत्या, 'व्हायरोचिप'. अमेरिकेच्या सीडीसीकडून नमुना आला आणि साधारण एका दिवसात काचेवर कोरोना विषाणूंचे ठिपके उजळले. पण नेमका ओळखीचा एकही नाही, म्हणजे हा कुटुंबातला नवा सदस्य. मग त्यांनी काय केलं, तर सुईने तो ठिपकाच खरवडला (माझ्या लेबलासारखा!), त्यावर बिलगलेला विषाणूचा तुकडा सोडवला आणि त्याची अक्षरं वाचली. याच सुमारास हाँगकाँगच्या आणि सीडीसीच्या शास्त्रज्ञांनी विषाणू वाढवून, मायक्रोस्कोपखाली बघून तेच उत्तर काढलं होतं. वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणून खात्री पटली. सार्सचे आठ हजारांवर रुग्ण झाले, ७७४ माणसं गेली. कोणाशी लढतोय हे लवकर कळणं किती मोलाचं असतं, हे आपल्या पिढीला २०२० नंतर वेगळं सांगायला नको.

व्हायरोचिपचा तो पेपर छापून आला 'प्लॉस बायॉलॉजी'त. कोणीही फुकट वाचावी अशी ही पत्रिका, आणि ज्या चळवळीतून ती निघाली तिच्या संस्थापकांत होते... पॅट ब्राउन. (हेच पुढे २०११ मध्ये वनस्पतींपासून 'मांसाचा' बर्गर करणारी इम्पॉसिबल फूड्स काढून बसले. काही माणसांना स्वस्थ बसवतच नाही.)

आज जनुकांच्या प्रती मोजायला बहुतेक जण मायक्रोॲरे वापरत नाहीत, थेट सीक्वेन्सिंग करतात. ॲफिमेट्रिक्सही २०१६ मध्ये थर्मो फिशरने विकत घेतली. २०२० च्या जानेवारीत नव्या विषाणूचा जीनोम जगासमोर आला तोही सीक्वेन्सिंगनेच. पण त्यातल्या मशीनचं पोट उघडलं तर आत काय सापडतं? इल्युमिनाच्या फ्लो-सेलमध्ये पुन्हा काच, तिच्यावर रसायनाचा थर आणि त्यात रोवलेले डीएनएचे छोटे धागे. वरचं सगळं बदललं, तळाचा प्रश्न तोच राहिला.

म्हणून आता डॅशबोर्डवर सुंदर ग्राफ दिसला की मी एकदा तरी विचारणार आहे, याच्या खाली काच कसली आहे, आणि ती धुतली कोणी?

बाकी लेबल अजून निघालेलं नाही. उपाय माहीत असेल तर नक्की कळवा. आणि हो, भांडं कुठलं घ्यायचं तेही लिहा :-)